खड्ड्यातली लाट

हर्षालीचा डोळा लागतोय आणि लागत नाहीये. भर दुपार, पोटात कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी, डोक्यावर गरगरणारा पंखा, आणि बाहेर अंगणात मांडवाचे खांब रोवणारी पोरं एकमेकांचा उद्धार करतायत. अशा वेळी माणसाने घोरायला लागावं. पण पोरीच्या जिवाला घोर लागलाय. ती कुशीवर वळते, शेजारची गिटार जवळ ओढते, परत उताणी होते आणि पंख्याकडे बघत राहते.

घोर असा, की आज संध्याकाळी तिच्या चुलतभावाची हळद आहे. आणि थळच्या कोळीवाड्यात हळद म्हटली की बेंजो आलाच. रायगडातल्या माणसाला बेंजो समजावून सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. बाकीच्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे तारांचं वाद्य गळ्यात अडकवून, विजेवर, कर्ण्यातून वाजवतात, आणि ते ऐकून ज्याचा पाय हलत नाही त्याला सरळ डॉक्टरकडे न्यावं. हर्षालीचा बाप हिराजी पेरेकर हा बेंजोचा बादशहा, सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याची वाजंत्र्यांची पार्टी निघाली की रेवदंड्यापर्यंतच्या पोरी लग्नाआधी तारीख विचारायच्या, नवऱ्याची नव्हे, हिराजीची. दोन पावसाळे झाले, हिराजी गेला. तेव्हापासून पार्टीची पुढची जागा रिकामी आहे, आणि मागे ढोलवाला नामाकाका एकटा किल्ला लढवतोय.

आज त्या जागेवर हर्षाली उभी राहणार, इथवर सगळ्यांना मान्य आहे. बेंजो तिला येतो, बापानेच शिकवलाय. पण तिला उभं राहायचंय गिटार घेऊन. मुंबईत तीन मैत्रिणींना घेऊन ती जे वाजवते त्याला म्हणतात सर्फ रॉक. गाणं नाही, शब्द नाहीत, नुसती गिटार, अशी भन्नाट पळणारी की ऐकणाऱ्याच्या तोंडावर पाणी उडावं. ते तिला आज आपल्या गल्लीत, आपल्या माणसांत वाजवायचंय. का, ते तिलाही धड सांगता येत नाही. पण वाजवलं नाही तर आयुष्यभर रुखरुख राहील, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

सकाळी नामाकाकाने तोंडावर सांगितलंय, "गिटार वाजव तुझ्या मुंबैला. हळदीत मानसं नाचली नायत, तं उद्यापासून सगले डीजे बोलवतील. पार्टी खलास. हिराजीनं जल्मभर वागवली ती तुझ्या हौसेपायी बुडवायची काय? सांजचा येतंव मी. तवा सांग, बेंजो घेतंस का नाय."

यात खोटं काय आहे? काही नाही, म्हणून तर झोप येत नाही. पंखा घूं करतो. घूं चालूच राहतं, जाड होतं, जमिनीतून यायला लागतं. हा पंख्याचा आवाज नव्हे, हर्षालीच्या मनात येतं, हा तर अँप्लिफायर तापतोय. कुणीतरी तिला पायाच्या अंगठ्याने हलकेच ढोसतंय.

"काय गो बाय, हळदीच्या दिवशी निजतंस?"

बाप उभा आहे. अंगात पार्टीचा पिवळा साटीनचा सदरा, गळ्यात बेंजो, दाढी गुळगुळीत. शेवटच्या दिवसांत गालफडं बसली होती, ती पार भरून आलीयेत. हर्षालीला रडू यायला हवं, पण तिला हसूच फुटतं.

"बाबा! तू तं गेलास ना?"

"गेलो की. म्हनून काय हळदीला यायचा नाय? आपल्या घरची हळद हाय."

हर्षाली उठते, आणि दोघं गल्लीत आहेत. हातगाडी पुढे आहे, तिच्यावर अँप्लिफायर, कर्णे, आणि पत्र्याची ती पेटी, जिच्यात बापाने स्प्रिंगा ताणून बसवल्या होत्या. बेंजोचा आवाज त्या स्प्रिंगांतून फिरून यायचा, आणि साधी तार विहिरीतून बोलल्यासारखी घुमायची. गल्ली आपलीच आहे, पण घरांना दारं नाहीत, दारांच्या जागी जाळी वाळत घातलीयेत. देवळासमोर गाडी येते. तिथे खड्डा आहे.

"बाबा, हा खड्डा तं कधीच भरला."

"माझ्यासाठी कोन भरतंय?" बाप डोळा मारतो. "धर गाडी. चाक बराबर मधे पाडायचा."

हा खड्डा म्हणजे पेरेकरांच्या घरातलं पुराण आहे, ते ऐकाच. हर्षाली जन्मलीही नव्हती तेव्हाची गोष्ट. वरात रंगात आलेली, आणि देवळासमोर गाडीचं चाक या खड्ड्यात आदळलं. पेटीला हिसका बसला, आतल्या स्प्रिंगा एकमेकींवर आपटल्या, आणि कर्ण्यातून जो काही धडाका सुटला, धड्डाम झिन्‌न्‌न्‌! नवरदेव घोड्यावरून पडता पडता वाचला. लोक म्हणाले, जळला हिराजीचा अँप्लिफायर. हिराजीने कपाळाला हात लावला. तेवढ्यात गर्दीतली एक म्हातारी ओरडली, "अगो बाय, गल्लीत दर्या आला!" आणि लुगडं खोचून अशी नाचली, की सगळी वरात तिच्यामागे नाचली. झालं. त्या दिवसापासून चीज रंगली की हिराजी मान हलवायचा, गाडीवाला चाक खड्ड्यात घालायचा, आणि गल्लीत दर्या यायचा. पुढे पंचायतीने रस्ता केला, खड्डा बुजवला. सगळ्या जिल्ह्यात लोक सरपंचाशी भांडतात खड्डे बुजवा म्हणून. हिराजी पेरेकर भांडला, हा एक तरी ठेवा म्हणून!

हर्षाली गाडी ढकलते. चाक आत जातं. धड्डाम होतं, आणि पायाखालचा रस्ता उचलला जातो, खाली येतो, परत उचलला जातो. गाडी होडी झालीये. कर्णे होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसलेत. चारी बाजूंना पाणी, ऊन, आणि किनारा कुठेच नाही.

बाप सुकाणूवर टेकून बसलाय, बेंजो मांडीवर. "हां, आता बोल. नामा सांगत होता, काय वाजवतंस तू?"

"नामाकाकानं सांगितला? तुला?"

"तो रोज बोलतंय माझ्याशी. ढोल पुसताना. तू सांग."

"त्याला सर्फ रॉक बोलतान, बाबा. तिकडं अमेरिकेत, कॅलिफोर्नियाला, लांबच लांब किनारा हाय. तिथली पोरं फळी घेऊन पाण्यात जातान. लाट आली की फळीवर उभी रातान, आनि लाट आनील तशी येतान."

"जाला टाकत येतान?"

"नाय."

"गरी?"

"नाय रे बाबा. नुसती मजा."

"आनि मासली न आनता घरी जातान?" बाप गंभीर होतो. "बायका घरात घेतान त्यांना?"

दोघंही हसत सुटतात. होडी डुलते. हर्षालीला वाटतं हे हसणं असंच चालू राहावं, संध्याकाळ होऊच नये. पण सांगायचं पुष्कळ आहे, आणि वेळ किती आहे कुणास ठाऊक, म्हणून ती घाईने बोलत राहते. साठ साल उजाडलं तेव्हाची ही पोरं, ती सांगते. दिवसभर लाटेवर, सांजचं नाचायला. लाटेच्या पोटात शिरल्यावर कानात जे घुमतं, अंगावर जे कोसळतं, ते त्यांना गिटारीत पाहिजे होतं. मग जाड तारा लावल्या. एकाच तारेवर नखी खालीवर, खालीवर, श्वास न घेता. इतकी की नखी झिजून जायची.

"ह्यी अशी?" बाप बेंजोच्या तारेवर नखी पळवतो. तर्रर्रर्र! पाण्यावर बारीक शहारा उठतो.

"अश्शीच! आनि अँप्लिफायर येवढा जोरात, की किती भोंगे जळाले त्याची गनती नाय."

"माझेपन जळाले की. तुझी आय अजून बोलतंय त्यावरून."

"आनि आवाज घुमवायला त्यांनी काय केला, सांगू? पेटीत स्प्रिंगा."

बापाची नखी थांबते. "स्प्रिंगा?"

"स्प्रिंगा. ती पेटी गानाऱ्याच्या गळ्यासाठी आनलेली. मग तिला गिटार जोडली, आनि असा आवाज निघाला, की त्याला ओला आवाज बोलतान. पेटीला धक्का बसला तर धडाम होतंय. तुझ्या खड्ड्यासारखा."

हिराजी पेरेकर हळूच म्हणतो, "मी नामाला बोलायचो, तार ओली वाजली पायजे. तो हसायचा मना. बोलायचा, तार काय बोंबील हाय? तिकडं पन बोलतान ओला?"

"तिकडं पन."

"हां," बाप म्हणतो. आणि ताठ बसतो. छाती पुढे, हनुवटी वर, लग्नात आहेर घेताना बसायचा तसा. हर्षालीलाही अंगात काहीतरी भरून आल्यासारखं होतं. तिचा बाप कधी मुंबईच्या पुढे गेला नाही. पण पृथ्वीच्या पाठीवर, दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्यावर, कुणीतरी पेटीत स्प्रिंगा घालून तोच दर्या शोधत होतं, आणि बापाने तो देवळासमोरच्या खड्ड्यात शोधला. अभिमान वाटायला आणखी काय लागतं?

"त्यातला एक तं डावखुरा होता," ती सांगते. "दुकानातली गिटार उजव्या हाताची. यानं तशीच उलटी धरली. तारा बदलल्याच नायत. उलट्या तारांवरच शिकला."

बाप मांडीवरच्या बेंजोकडे बघतो. तोही उलटाच आहे, नेहमीसारखा. हिराजी डावखुरा. लहानपणी कुणी त्याच्यासाठी वेगळा बेंजो बनवणार नव्हतं, म्हणून त्याने उजव्या हाताने बटणं दाबली आणि डाव्याने तारा छेडल्या. शिकवणारे चिडवायचे, म्हणायचे, हिराजी खेकड्यासारखा वाजवतोय. मग तोच खेकडा सगळ्यांच्या पुढे निघून गेला.

"कुठला तो पोऱ्या?"

"बापाकडून लेबनानचा. त्याचा चुलता ऊद वाजवायचा, अरबी वाद्य. चुलत्यानंच त्याला ताल शिकवला. म्हनून त्या गिटारीत ते अरबी वळन आला." ती एक तान गुणगुणते.

"अगो, ही तं आपली पहाटेच्या भजनाची चाल. अरबी काय, आपल्याच पान्यातला मानूस."

"लेबनान दुसऱ्या समुद्रावर हाय, बाबा."

"दुसरा समुद्र?" बाप तिच्याकडे असा बघतो, जणू शाळेत घातलं ते फुकट गेलं. "पानी कधी वेगला वेगला असतंय?"

हर्षाली आता विचारते. "मग सांग ना बाबा. आज तुझ्या जागेवर गिटार घेऊन उभी राहू काय? लोक बोलतील, हिराजीच्या पोरीनं बेंजो टाकला आनि इंग्रजी आनला. नाचली नायत मानसं, तं तुझी पार्टी संपली. माझ्या हातनं संपली."

बाप उठतो, सदरा झाडतो, आणि म्हणतो, "चल, उशीर जाला."

दार उघडतं. होडीला दार असतं का, हे हर्षालीला विचारावंसं वाटत नाही. आत लाकडी फरशीचा भलामोठा हॉल. खिडक्यांबाहेर लाटा फुटतायत, आणि आत दाटीवाटीने तीच कॅलिफोर्नियाची पोरंपोरी, उन्हाने रापलेली, केसात वाळू. पोरांच्या गळ्यात टाय. दाराशी एक दांडगा माणूस बापाला अडवतो आणि गळ्याकडे बोट दाखवतो. टायशिवाय आत सोडत नाहीत म्हणे. बाप क्षणभर विचार करतो, कमरेचा चौकडीचा रुमाल सोडतो, गळ्यात अडकवतो आणि गाठ मारतो. दांडगा माणूस बघतो, आणि बाजूला होतो.

"काय पन नियम," बाप पुटपुटतो. "नाचायला येतान का मुलगी बघायला?"

ते मंचावर आहेत. हर्षालीच्या गळ्यात गिटार आहे. समोरची पोरं वाट बघतायत. तोंडं परकी आहेत, पण मध्येच शेजारची यशोदाकाकी दिसते, मांडवातला आचारी दिसतो, नवरदेव हळदीने पिवळा. ती बापाकडे बघते. तो बेंजोवर फक्त एक सूर धरून ठेवतो. म्हणजे आता तिने सुरू करायचं. ती नखी तारेवर टेकवते, आणि हात सुटतो.

कसा आवाज निघतो म्हणून सांगू! आधी खोल, जाड तारेवरून, पाणी मागे ओढलं जातं तसा. मग वर, अजून वर, तर्रर्रर्र करत. बाप तिच्या सुरात सूर मिसळतो, आणि कुठला बेंजो, कुठली गिटार, कळेनासं होतं. आचारी पहिला नाचतो. मग फरशी थरथरते. टायवाली पोरं खांदे उडवतायत, कोळणी त्यांच्या हातात हात घालतायत, आणि कुणालाच काही वावगं वाटत नाहीये.

तेवढ्यात पट्टा तुटतो. गिटारीचा पट्टा, खालच्या खिळीपाशी. गिटार निसटते. हर्षाली ती गुडघ्यावर झेलते, पण हात थांबतो, आणि अख्खा हॉल थांबतो. सगळे तिच्याकडे बघतायत. हेच, अगदी हेच होणार संध्याकाळी, असं तिला वाटतं.

बाप बेंजो गळ्यातून काढतो. खाली ठेवतो. हर्षालीने त्याला वरात सुरू असताना बेंजो उतरवताना कधीच पाहिलेलं नाही, पावसात नाही, तापात नाही. तो खिशातून जाळं सांधायची निळी दोरी काढतो, तिच्यासमोर बसतो, आणि पट्टा खिळीला बांधायला लागतो.

"बेंजो कुठून आला, ठाव हाय तुला?" तो मान खाली घालून विचारतो. "जपानातून. माझा मास्तर सांगायचा. तिकडनं बोटीनं आला, आनि इथल्या मानसांनी त्याला वीज लावली, कर्णा लावला, हळदीत नेला. तवा पन म्हातारे बोलले, हा काय नवीन आनला, सनई कुठं गेली? आज तेच म्हातारे बेंजोशिवाय मुलगी देत नायत."

दाताने तो दोरीचं टोक तोडतो. पट्टा ओढून बघतो. मग बेंजो उचलून उभा राहतो, एक पाऊल मागे जातो, अजून एक. पुढची जागा मोकळी होते. तिथे बेंजो नाही, बाप नाही, फक्त लाकडी फरशी आहे.

"बाबा, तू पुढं रहा ना."

"मना इथनं बरा दिसतंय," बाप म्हणतो. त्याचे डोळे भरलेत, पण तो मुळीच लपवत नाहीये. "सगल्यांना सांगू दे मना. ती बघा, बोलू दे. ती माझी पोर."

हर्षाली पुढे पाऊल टाकते. फरशी गार लागते. फारच गार.

ती चटईवरून घसरून नुसत्या लादीवर आलीये. तोंडाला कोरड, गाल ओले. बाहेर मांडव उभा झालाय, कुणीतरी माइकवर हॅलो हॅलो करतंय, आणि खिडकीतून तिरपं ऊन आलंय. ती बराच वेळ हलत नाही. हललं की जाईल सगळं, अशी भीती. तरी थोडंथोडं जातंच. बापाचा आवाज जातो, हॉल जातो.

मग ती उठून बसते आणि गिटार मांडीवर घेते. दुपारी धड होता तो पट्टा खालच्या खिळीपाशी तुटलाय. आणि बांधलाय. निळ्या दोरीने, घट्ट, एका गाठीत. ती गाठीवरून बोट फिरवते. जाळं विणायला ती जन्मात कधी बसलेली नाही, तिला बुटाची नाडी धड बांधता येत नाही. घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आई सकाळपासून मांडवाच्या गडबडीत आहे. अंगावर सर्रकन काटा येतो, पण भीती नाही वाटत. मुळीच नाही.

"काय ठरला?" दारात नामाकाका. ढोल खांद्याला, पिवळा सदरा, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. "नवरा पाटावर बसला. बेंजो घे आनि चल."

"मी गिटारच वाजवनार, काका."

"पोरी, मी तुला सकाली..." म्हणत तो आत येतो, आणि बोलता बोलता त्याची नजर खाली जाते. तो वाकतो. गिटारीचा पट्टा हातात घेतो. म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य जाळ्यांत गेलंय, त्याला गाठ वाचता येते. तो अंगठ्याने ती दाबतो, उलटी करतो, पुन्हा सुलटी करतो.

"कोनी मारली ही?"

हर्षाली गिटार त्याच्यासमोर उजेडात धरते.

"टोक डावीकडं निघालाय," नामाकाका म्हणतो. आवाज एकदम बसलाय. "अख्ख्या थळात ही गाठ एकच मानूस मारायचा. त्याचा जाला आमाला कुनाला सोडवता यायचा नाय. शिव्या घालायचो आमी."

अंगठा गाठीवरच आहे. बाहेरून दोन-तीनदा हाका येतात, तो ऐकत नाही. मग तो नाक पुसतो, चांगलं जोरात, सरळ पिवळ्या बाहीला. पट्टा उचलतो आणि स्वतःच्या हाताने हर्षालीच्या गळ्यात अडकवतो, खांद्यावर नीट बसवतो. ढोल सावरून तो दारातून बाहेर पडतो, आणि मांडवातल्या एवढ्या कल्लोळातही ऐकू जाईल असा ओरडतो.

"ए पोरांनो, सरका बाजूला, वाट द्या! मास्तर आयली!"